दीपूचा ताप

लिफ्ट पाचव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये असताना एकता बोलून गेली. बोलायचं असं काही मनात नव्हतं. हातात भाजीची पिशवी होती, पिशवीतल्या कोथिंबिरीचं पाणी पायावर ठिबकत होतं आणि शेजारी ग्लॅडिस उभी होती. ग्लॅडिस म्हणजे नवव्या मजल्यावरची निवृत्त शिक्षिका, ब्लॉकच्या रहिवासी समितीत जिथं तिथं पुढं असणारी. खाली, इमारतीच्या तळाशी खांबांमधल्या मोकळ्या जागेत, माणसं अंत्यविधीचा मांडव उतरवत होती आणि गोल टेबलं घडी करून ट्रकमध्ये चढवत होती. ब्लॉकमधल्या एका शाळकरी मुलानं परीक्षेच्या तोंडावर स्वतःचा जीव घेतला होता. "सो यंग, हॉर," ग्लॅडिस इथल्या सिंगापुरी ढबीत, लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाली, कुणाला उद्देशून असं नव्हे. आणि एकता इंग्रजीत म्हणाली, माझा धाकटा भाऊही. असाच. त्यानंही. दार उघडलं. ग्लॅडिसनं बाहेर पडण्याऐवजी एका हातानं दार धरलं आणि दुसऱ्या हातानं एकताचं मनगट. या जुन्या ब्लॉकची लिफ्ट दर मजल्यावर थांबत नाही, त्यामुळे एकताला नवव्यावर उतरून एक जिना खाली यावं लागे. घरात शिरताना तिनं आधी आईचा कानोसा घेतला. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती.

आपण हे कुणाला सांगितलं, हे तिला पुन्हा पुन्हा नवल वाटत राहिलं. पुण्यात पीएचडी करताना खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं नव्हतं. ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं त्या विवेकला सांगितलं नव्हतं. तो बिचारा शेवटपर्यंत म्हणत राहिला की तुझ्यात एक खोली आहे आणि तिला कुलूप आहे. त्याचं बोलणं जरा नाटकीच असे, पण त्यात खोटं काही नव्हतं. आणि सांगितलं कुणाला, तर जिचं आडनावही ठाऊक नाही अशा बाईला, दोन मजल्यांच्या मधल्या हवेत. सांगून हलकं वाटतं म्हणतात. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. दात काढल्यावर जीभ जशी सारखी त्या खळगीत जाते, तसं तिचं मन त्या वाक्याकडे जात राहिलं. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने यंत्रात लावताना, अलेक्झांड्रा रोडच्या बसथांब्यावर उभी असताना, ते वाक्य ती मनातल्या मनात म्हणून बघे. इंग्रजीत ते छोटं होतं, स्वच्छ होतं. मराठीत ते तिला कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

कारण मराठीत दीपू तापानं गेला होता. धम्मदीप गणपत जाधव, वय एकोणीस, दूर उत्तरेतल्या एका मोठ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मेंदूत चढलेल्या हिवतापानं. हे बाबांनी ठरवलं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चार्जमन होते, आणि वस्तीतले नावाजलेले वक्ते. दीपूला आणायला बाबा आणि एकता दोघंच गेले होते. परतीच्या वाटेवर एका स्टेशनात बाबांनी चहा घेतला, कप हातातच थंड होऊ दिला आणि आईचं नाव घेऊन म्हणाले, "हिराला ताप सांगायचा. ती दुसरं झेलणार नाही." एकतानं मान हलवली. मान हलवण्याखेरीज तेव्हा तिच्याच्यानं काही होण्यासारखं नव्हतं. घरी पोचेपर्यंत बाबांनी वाटेतूनच फोनाफोनी करून कारखान्याच्या सगळ्या क्वार्टर्सना ताप पढवला होता. आणि क्वार्टर्सनी काय करावं? सबंध वस्तीनं तोंडाला टाके घातले. नळावर भांडणाऱ्या, एकमेकींची सात पिढ्यांची लक्तरं काढणाऱ्या बायका, पण एकीच्याही तोंडून कधी शब्द निसटला नाही. माया म्हणतात ती अशीही असते. तिच्याबद्दल आभार मानावेत की तिचा गळा धरावा, हे एकताला आजवर कळलेलं नाही.

बौद्ध रीतीनं दिवसकार्य, म्हणजे पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी भाषणं झाली. या लोकांचं भाषणाशिवाय पान हलत नाही. बारसं असो, लग्न असो, पांढऱ्या साडीतली नवरी हार हातात घेऊन ताटकळते आणि सहाजण विचार मांडून जातात. दीपूसाठी त्या दिवशी कितीतरी जण उठले. सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि सगळे तापावर बोलले. एकानं डासांच्या जाती सांगितल्या. दुसऱ्यानं सरकारी अनास्थेवर आसूड ओढले. शेवटी कुणीतरी ठराव मांडला की धम्मदीपच्या स्मृतिदिनी दरवर्षी हिवताप तपासणी शिबिर घ्यावं. टाळ्या पडल्या. आणि आईनं, जिला त्या आठवड्यात पाणीसुद्धा पाजावं लागत होतं, पहिल्यांदा मान वर केली. त्या शिबिरानं आईला उभं केलं हे कुणी नाकारू शकत नाही. दरवर्षी ती मंडप सांगे, दवाखान्याच्या लोकांना जेवू घाले, आणि घराघरांत जाऊन माणसांना रक्त तपासायला ओढून आणी. माणसं निमूट येत. बोट पुढं करत. बाबा ध्वनिक्षेपकावरून तापाची लक्षणं सांगत. एकता सिंगापूरला आली तेव्हा विमानतळावर आपल्याला काय सुटल्यासारखं वाटतंय, हे तिनं ओळखलं होतं. ती त्या शिबिरातून सुटली होती.

मागल्या वर्षी बाबा गेले आणि आई तिच्याकडे राहायला आली. क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आईचं बस्तान लवकर बसलं. इथले लोक डासांच्या मागे हात धुऊन लागलेले असतात, याचं तिला फार कौतुक. तपासणीला माणसं आली की ती स्वतः त्यांना कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करून दाखवी. परवा त्या मुलाचा मांडव पडला तेव्हा आईच आधी खाली गेली. शेंगदाण्याच्या बशा, सरबताची डबडी, ताणलेला निळा-पांढरा कपडा, आणि एका कोपऱ्यात ती माऊली, कुणाकडेच न बघणारी. आईनं एकताला विचारलं, "कशानं गं गेलं लेकरू?" आणि एकता, क्षणाचाही विचार न करता, म्हणाली, "ताप. डेंग्यू." मग आई त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली, हात जोडले, आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन मराठीत काहीतरी बोलली. त्या बाईनं वर बघितलं. एकता लांब उभी होती. आपण काय करून बसलो, आणि किती सहज, हे तिला तिथंच कळलं. लिफ्टमधलं वाक्य बहुधा त्यातूनच निसटलं असावं.

ग्लॅडिस दोन दिवसांत दारात उभी. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी एक सभा घ्यायची होती, सगळा ब्लॉक हादरलाय, लोकांचे घाव भरायला हवेत, कुणीतरी स्वतःचं सांगितलं तर बाकीच्यांचीही तोंडं उघडतील. तज्ज्ञ येणारच आहेत, पण तज्ज्ञांचं कोण ऐकतं? "यू मस्ट शेअर, एकता. यू आर सो स्ट्राँग." आई मागे सोफ्यावर बसून दोघींकडे हसून बघत होती. एकतानं नाही म्हणायला हवं होतं. तसं तिनं ठरवलंही होतं. पण 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला सांगायचं आहे. एकदा तरी, उभं राहून, मोठ्यानं. दीपूला कुणीतरी त्याच्या खऱ्या मरणानं एकदा हाक मारायला हवी होती. आणि इंग्रजीत सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आईला इंग्रजीतलं 'बस' आणि 'थँक्यू' यापलीकडे फारसं कळत नव्हतं. ती हो म्हणाली.

भाषण लिहायला बसल्यावर मात्र तिला पहिल्यांदा राग आला, आणि तो इतक्या वर्षांनी आल्यामुळे फार आला. तिनं सगळं लिहिलं. वसतिगृहात पहिल्याच दिवशी त्याला प्रवेशपरीक्षेतला क्रमांक कसा विचारला, आणि तो ऐकल्यावर पुढे कुणी कसं जेवायला शेजारी बसलं नाही. मास्तर वर्गात 'कोट्यातले' असा शब्द कसा हसत हसत वापरत. दीपू सुट्टीत आला तेव्हा त्यानं आडनाव बदलता येतं का, असं बाबांना विचारलं, आणि बाबांनी त्याला कसं अर्धा तास भाषण दिलं. ग्लॅडिसनं कागद वाचले, चष्मा काढला. तिचे डोळे खरंच ओले होते. "व्हेरी मूव्हिंग. बट ही जात, एकता... आमच्या लोकांना कळायची नाही. टू कॉम्प्लिकेटेड, लाह. नुसतं म्हण, त्याच्यावर फार ताण होता, तो एकटा पडला होता. आमच्या मुलासारखंच. मग सगळ्यांना आपलं वाटेल." शिवाय शेवट आशेनं व्हायला हवा होता. घर कसं सावरलं, जखम कशी भरली. आपण वाद घालू असं एकताला वाटलं होतं. तिनं वाद घातला नाही. उलट एक ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला इतकी शरम आली की तिनं त्याच संध्याकाळी सगळं नव्यानं लिहून टाकलं. नवीन भाषणात जात नव्हती. ताण होता. 'ब्रदर' हा शब्द आईला कळेल म्हणून तिथं 'सिब्लिंग' होता. शेवटी घर सावरलेलं होतं. वाचताना ते कुणाही मुलाचं भाषण वाटत होतं, आणि नेमकं तेच हवं होतं.

आईला ती ऑफिसची मीटिंग म्हणून सांगणार होती. पण टॅम्पिनीसच्या ऋचानं घोळ केला. टॅम्पिनीसला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या लोकांची पाच-सहा कुटुंबं. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदना होई, श्रीलंकेचे एक बौद्ध भिक्खू, सगळ्यांचे भन्ते, येऊन इंग्रजीत प्रवचन देत, मग जेवणं. ऋचा त्यांतली सगळ्यांत लहान, लग्न होऊन वर्षभरापूर्वी आलेली, कुणाच्याही कामाला धावणारी. तिला कुठूनसं कळलं आणि तिनं थेट आईलाच फोन लावला: "जय भीम काकू! ताईंचं भाषण आहे म्हणे हॉलमध्ये! आम्ही सगळे येणार." झालं. आईचा चेहरा असा उजळला की एकताला तिच्याकडे बघवेना. "एवढं भाषण आणि मला सांगत नाहीस? गणपत जाधवांची लेक तू." मग विषय काय म्हणून विचारलं. "आरोग्य," एकता म्हणाली. "समाजाचं आरोग्य." आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "दीपूच्या शिबिराचं सांग हं. नाव घे त्याचं."

त्यानंतरचे दिवस आईनं तालीम घेतली. एकता नको म्हणाली तर ऐकेना. बाबांची सगळी भाषणं आधी स्वयंपाकघरात तिच्यापुढे झाली होती, तिला त्यातलं कळत होतं. रोज ऑफिसमधून आल्यावर एकतानं खिडकीपाशी उभं राहायचं आणि आईनं सोफ्यावर हाताची घडी घालून ऐकायचं. कळत नसलं तरी ती डोळे मिटून ऐके. "घाई करू नकोस. श्वास घे. हात खिशात नको." आणि एका वाक्यापाशी दर वेळी डोळे उघडी. "इथं तुझा आवाज पडतो. काय आहे ते?" ते तेच वाक्य होतं. माझ्या सिब्लिंगनं स्वतःचं आयुष्य स्वतः संपवलं. "आकडे आहेत, आई," एकता म्हणाली. "आकडे असले म्हणून काय झालं? ठणठणीत म्हण. मागच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. पुन्हा." एकतानं पुन्हा म्हटलं. "पुन्हा." पुन्हा म्हटलं. खिडकीतून खालच्या खेळाच्या मैदानावरचा पोरांचा गलका येत होता, आईच्या चेहऱ्यावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं, आणि एकता तिच्या मुलाचं मरण तिच्या तोंडावर म्हणत होती, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा, आवाज पडेनासा होईपर्यंत. "आता कसं!" आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. एकता न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. आपण एक नीच माणूस आहोत एवढंच स्पष्टपणे वाटलं.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. हॉलमधली गारठवणारी हवा, चार भाषांतली पाटी, प्रत्येक खुर्चीवर ठेवलेलं टिश्यूचं पाकीट. त्या मुलाचे आईवडील आले नव्हते. ब्लॉकमधले म्हातारे चिनी, एक-दोन मलाय कुटुंबं, आणि एकताला नुसतं तोंडओळखीनं माहीत असलेली माणसं होती. टॅम्पिनीसची मंडळी एमआरटीच्या गाडीनं चिवड्याचे डबे घेऊन आली आणि सवयीप्रमाणे सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. आई मधोमध, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. ग्लॅडिसनं ओळख करून दिली. एकता उभी राहिली, श्वास घेतला, घाई केली नाही. सुरुवात सोपी होती. दीपू लहानपणी कसा होता. दिवाळीचा डबा गुपचूप फस्त करून त्यात वर्तमानपत्राचे बोळे कसे भरून ठेवायचा, आणि पाहुण्यांपुढं झाकण उघडल्यावर स्वतःच कसा सगळ्यांत मोठ्यानं नवल करायचा. हॉल हसला. हसणं विरलं. आणि मग, सगळं शांत झाल्यावर, पहिल्या रांगेत आई हसली.

एकताला आधी बरंच वाटलं. मग कळलं. आईच्या शेजारी ऋचा बसली होती, तिचं तोंड आईच्या कानाशी होतं आणि आई मान हलवून तिला काहीतरी दुरुस्त करून सांगत होती. चकल्या नव्हे, शंकरपाळी, असंच काहीतरी. ही रीत एकतानंच घालून दिली होती. भन्तेंचं इंग्रजी प्रवचन चाले तेव्हा गावाकडून आलेले म्हातारे आईवडील हात जोडून नुसते बसून राहत. ते बघवेना म्हणून तिनं एकदा सगळ्यांना सांगितलं होतं की प्रत्येकाच्या शेजारी एकेकानं बसायचं आणि हळू आवाजात मराठीत सांगत जायचं, कुणाचे आईवडील कोरडे परत जायला नकोत. गेल्याच महिन्यात तिनं स्वतः ऋचाच्या सासूबाईंना असं सबंध प्रवचन सांगितलं होतं. आणि एवढा सगळा विचार केला, 'ब्रदर'चा 'सिब्लिंग' केला, पण हे डोक्यात आलं नाही. तोंड मात्र चालूच होतं. घरापासून दूरचं कॉलेज. थंडी. एकटेपण. ताण. आईचा चेहरा एक वाक्य मागून येत होता. त्यावर अजून अभिमान होता. ती बहुधा तापाची वाट बघत होती, शिबिराची वाट बघत होती. आता पुढचं वाक्य ते. थांबता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं, पाणी मागता आलं असतं, पान उलटून सरळ शेवटावर जाता आलं असतं, कुणाला काय कळणार होतं? या सगळ्या वाटा तिला दिसल्या, अगदी सावकाश, एकेक करून. आणि तिनं ते वाक्य म्हटलं. ठणठणीत म्हटलं. मागच्या माणसालाही ऐकू गेलं.

ऋचा थांबली. तिनं वर बघितलं, आणि एकताला तिच्या डोळ्यांत दिसलं की तिलाही हे ठाऊक नव्हतं. आईनं कोपरानं तिला ढोसलं. काय म्हणाली? ऋचा एकताकडे बघतच राहिली, परवानगी मागितल्यासारखी. एकतानं नजर कागदावर वळवली. पुन्हा वर बघितलं तेव्हा ऋचा आईच्या कानाशी वाकली होती आणि सांगत होती. बराच वेळ सांगत होती. एका एवढ्याशा वाक्याला मराठीत इतका वेळ लागत नाही. आई ताठ बसून होती. बाबांच्या भाषणाला बसायची तशी, वक्त्याकडे सरळ बघत. एकता त्या नजरेखाली पुढं बोलत राहिली. बोलणं हाच आता एक आडोसा होता. आम्ही एकमेकांना धरून राहिलो, ती म्हणाली. आम्ही बोललो. हळूहळू जखम भरली. आज आमचं घर सावरलं आहे. हॉल उभा राहिला. मागे कुणीतरी हुंदका दिला. टाळ्यांच्या पार शेवटी आईनंही टाळी वाजवली. आयुष्यात कुठल्याही भाषणाला तिनं टाळी चुकवली नव्हती.

नंतर लोक रांग लावून भेटले. एका म्हाताऱ्या चिनी बाईनं एकताला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. एका माणसानं सांगितलं, त्याच्या मुलीशी तो चार वर्षांत बोललेला नाही, आज घरी जाऊन बोलणार आहे. "यू सी? यू हील्ड देम," ग्लॅडिस म्हणाली. त्यात खोटं नसावं. कुणाकुणाचं काहीतरी त्या दुपारी खरंच भरून आलं असेल, आणि ते कुठल्या मोलानं, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. ऋचा जवळ येऊन रडायलाच लागली. "ताई, मला वाटलं काकूंना... मला काय माहीत..." एकता म्हणाली, तुझी काही चूक नाही. म्हणताना तिला ऋचाचा इतका राग आला की तो आवाजात येऊ नये म्हणून तिनं तिच्या गालावरून हात फिरवला. आई दाराशी चपला घालून उभी होती.

रस्ता दोन ब्लॉकांचा. घरी येऊन आईनं साडी बदलली, घडी घातली, पाणी प्यायली, आणि सोफ्यावर बसली. बाहेर अजून उजेड होता.

"तुझ्या बाबांना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि क्वार्टर्समध्ये?"

"सगळ्यांना, आई."

"म्हणजे रक्त द्यायला रांगेत उभी राहायची, ती सगळी?"

"हो."

आईनं आपले तळवे उलटेसुलटे करून बघितले. "ती पोरगी म्हणाली, त्याला तिथं जातीवरून छळलं. इतकं, की त्याला जगणं नको झालं. तू म्हणालीस असं?"

"नाही. मी ताण म्हणाले."

"मग तिला कसं कळलं?"

"तिला कळतं," एकता म्हणाली. "आपल्यातल्या कुणालाही कळलं असतं."

"मला नाही कळलं ते." आई हे शांतपणे म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चिरकला. "तुम्ही बापलेक मिळून रडलात. वस्ती रडली. मी कुणाला रडले गं? मी तापानं गेलेल्या पोराला रडले. ते पोर माझं नव्हतंच. माझा तसाच पडून राहिला इतकी वर्षं, त्याच्यासाठी त्याची आई रडलीच नाही." एकता तिच्या पायाशी बसली. तिनं गुडघ्यावर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही, धरलाही नाही. "तू सांग आता. सगळं सांग. मराठीत सांग."

एकतानं तोंड उघडलं. सांगायचं तिला खरंच होतं. याहून जास्त काही तिला आयुष्यात हवं नव्हतं. तो क्रमांक, तो वर्ग, शेजारची रिकामी राहिलेली जागा, आडनाव, बाबांच्या हातातला थंड कप, सगळं तिच्याजवळ होतं, कुणालाच न दिलेलं. ती म्हणाली, "दीपूला..." आणि पुढे जिभेवर जो शब्द आला तो तिनं ऐकला तेव्हा उशीर झाला होता. "दीपूला ताप..." ती म्हणाली, आणि थांबली. आईनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर एकतानं तो घेतला असता.

"राहू दे," आई म्हणाली. "त्या ऋचाला फोन लाव. ती नीट सांगते."

एकतानं नंबर लावला. आईनं फोन घेतला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. एकता बाहेर जमिनीवर बसली. आतून आईचा आवाज येत होता, अगदी घरगुती, एखादी पाककृती विचारावी तसा. "हं, पोरी. पहिल्यापासून सांग. ... हो, शंकरपाळी. ... हं. पुढं." मग बराच वेळ नुसतं हं, हं. ऋचाजवळ देण्यासारखं होतं ते एवढंच, एकताचं भाषण आणि त्यात तिनं स्वतःच्या मनानं घातलेलं एक खरं वाक्य. आई तेवढ्यावर भागवत होती. ती तेच तेच पुन्हा विचारत होती आणि ऋचा बहुधा तेच तेच पुन्हा सांगत होती. एकता भिंतीला डोकं टेकून वाट बघत राहिली. कुठल्यातरी वळणावर आई तिला आत बोलावेल असं तिला वाटत होतं.

"आणि शेवटी काय म्हणाली ती?" आईनं आत विचारलं. "लोक उभे राहिले तेव्हा?"

पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"घर सावरलं म्हणाली?" आई म्हणाली. मग जरा वेळानं, "कुणाचं घर?"

ऋचानं काय उत्तर दिलं कोण जाणे. आत काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, आणि आई रडायला लागली, मोठ्यानं, माणूस गेल्याच्या पहिल्या दिवशी रडतात तशी, दीपूला नावानं हाका मारत. एकता उठली. तिनं दाराची मूठ फिरवून बघितली. दार आतून बंद होतं.